मन्नूबियाने घेतलेली शेवटची झडती

मार्सेहून येणारं जहाज ला गूलेत बंदराच्या धक्क्याला लागलं, की बायकांच्या रांगेपाशी मन्नूबिया उभी असायची. बायकांच्या अंगाला पुरुष शिपायांनी हात लावायचा नाही, म्हणूनच तिला कस्टमची नोकरी मिळाली होती, आणि केस पांढरे होईपर्यंत तिने ती केली. परकराच्या नेफ्यात शिवलेलं सोनं, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेले मोबाइल, मिठाईच्या डब्यात खालच्या थराला दडवलेली घड्याळं, हे सगळं तिने बोटांनी शोधून काढलं. हाताखाली नव्या मुली आल्या की ती त्यांना एवढंच सांगायची, "जी रडते तिला जाऊ द्या. जी आपणहून पिशवी उघडून दाखवते, तिच्यापाशी थांबा."

असं काम अंगात मुरलं की ते गणवेशाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. भाजीवाल्याने स्वतः होऊन चांगले टोमॅटो निवडून दिले, की मन्नूबिया पिशवी तिथेच उपडी करून बघायची. तरुणपणी तिला बघायला बिझर्तचा एक कारकून आला होता. आधीची नोकरी का सोडली, मोठ्या भावाशी का पटत नाही, बोटावर अंगठीचा पांढरा वळ कसला, असं तिने त्याला एकामागून एक विचारलं. त्याने चहा अर्धा टाकला आणि पुन्हा काही तो त्या गल्लीत दिसला नाही. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. मन्नूबियाचं म्हणणं एकच होतं, "मी सरळच विचारलं. घाम त्याला का फुटला?"

निवृत्त झाल्यावर ती ल क्रामच्या वडिलोपार्जित घरात तळमजल्यावर एकटी राहायला लागली. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ मोंजी, त्याची बायको हायेत आणि त्यांची दोन मुलं. मोंजी लोकांना मोटार चालवायला शिकवायचा; घरी आला की सोफ्यावर आडवा होऊन फुटबॉल बघायचा. गच्चीवर एक खोली होती, ती भाड्याने दिलेली असायची. इंटरनेट मोंजीच्या नावावर होतं. राउटर त्याच्या दिवाणखान्यात होता आणि त्याच एका वायफायवर सगळ्या घराचं चालायचं.

मन्नूबियाकडे त्या वायफायवर चालणारी एकच वस्तू होती, तिचा रेडिओ. तपकिरी लाकडी खोका, पुढे दोन गोल बटणं आणि एक छोटा पडदा. वायफायवरून जगभरची स्टेशनं पकडणारे रेडिओ नवे नवे निघाले तेव्हाचा तो. मार्सेला दिलेल्या बहिणीने, बेयाने, तो तिला आणून दिला होता. तिकडे आपल्या लोकांचं एक स्टेशन होतं. सकाळपासून कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची हरवलेली मावशी, असं सगळं त्यावर चालायचं. बेया तिकडे ऐकायची, मन्नूबिया इकडे, आणि मग फोनवर दोघींची चर्चा.

"ऐकलंस? त्या बाईने मुलाच्या लग्नाचं सांगितलं, पण सुनेचं नाव काही घेतलं नाही."

"म्हणजे काहीतरी आहे," मन्नूबिया म्हणायची.

त्या वर्षी थंडी लवकर सुरू झाली. पुढच्या खोलीत गारठा शिरायला लागला तसा मन्नूबियाने आपला मुक्काम मागच्या स्वयंपाकघरात हलवला, आणि रेडिओही. त्याच सुमारास गच्चीवरच्या खोलीत ओल्फा राहायला आली.

ओल्फा केफकडची, डोंगरातली. अंगाने बारीक, आवाजाने मऊ. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ती दिवसभर खोलीत बसून, कानाला यंत्र लावून, फ्रेंचमध्ये ऐकून घ्यायची. पहिल्याच दिवशी तिने न मागता ओळखपत्र काढून मन्नूबियाच्या हातात दिलं. वर आईने पाठवलेला रवाळ भाकरीचा डबा दिला.

"मावशी, हे तुमच्यासाठी."

मन्नूबियाने भाकरी घेतली, आणि ओळखपत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. पोरगी आपणहून पिशवी उघडून दाखवत होती.

पुढच्या काही आठवड्यांत वायफायने मान टाकली. टीव्हीवर मोंजीचा खेळाडू गोलाकडे धावता धावता पाय वर करून तसाच थिजायचा. मुलांचे धडे उघडायचे नाहीत. कंपनीचा माणूस आला, तारा तपासून गेला. म्हणाला, बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे.

"मग घरातलंच कुणीतरी ओढतंय," मोंजी म्हणाला.

मोंजीला हे वाक्य बोलून विसरता आलं. मन्नूबियाला ते जमण्यासारखं नव्हतं. घरात नवं कोण आलं, आणि दिवसभर वायफायला चिकटून कोण बसतं, याचं उत्तर तिने जिना चढायच्या आधीच काढलं होतं.

ती मिरच्या वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर बसायला लागली. जाण्याआधी रेडिओचा प्लग काढून ठेवायची. बंदरातलं एक गोदाम चालू राहिलेल्या शेगडीने जळालेलं तिने पाहिलं होतं; त्यानंतर माणूस नसलेल्या खोलीत विजेची वस्तू ती चालू ठेवत नसे. वर ओल्फाच्या दाराकडे तोंड करून ती बसायची, आणि थोड्या वेळाने खालून मोंजीचा आवाज यायचा, "आता बघ कसं सुरळीत चाललंय."

एकदा झालं, दोनदा झालं. मग तिने ताडून पाहिलं. ती गच्चीवर बसली की वायफाय ठीक. ती खाली स्वयंपाकघरात आली की पुन्हा रड. आपण समोर असलो की पोरगी घाबरून हात आवरते, पाठ वळली की पुन्हा सुरू. यापेक्षा सरळ पुरावा मन्नूबियाला नोकरीतही क्वचित मिळाला होता.

"हायेत, पोरगी समोरच्या गच्चीवरच्या मुलाशी बोलते का गं?"

"लल्ला, त्याची कबुतरं इकडे येतात, तेवढ्यापुरतं बोलत असेल," हायेत म्हणाली. वयाने मोठ्या नणंदेला ती आदराने लल्लाच म्हणायची, पण आवाजात कंटाळा होता.

"कबुतरांना पासवर्ड लागत नाही. त्या मुलाला लागतो."

एके सकाळी ओल्फा बेकरीत गेलेली बघून मन्नूबियाने दुसऱ्या किल्लीने तिची खोली उघडली. कॉटखाली पाहिलं, उशीच्या खोळीत हात घातला, पेटी उघडली, स्वेटर एकेक करून काढले. कसलं यंत्र शोधायचं हे तिला नीट माहीत नव्हतं. एखादी जादा तार, एखादा डबा, समोरच्या गच्चीकडे वळवलेलं काहीतरी. आईचा एक फोटो होता आणि औषधाच्या गोळ्या होत्या. तिने सगळं होतं तसं ठेवलं आणि कुलूप लावलं.

दुपारी ओल्फा खाली आली. हातात एक स्वेटर होता.

"मावशी, माझ्या खोलीत कुणी आलं होतं?"

"का? काही गेलं का तुझं?"

"गेलं काहीच नाही. पण मी स्वेटरची घडी अशी घालत नाही." तिने तो पुढे केला. बाह्या आत, गळा वर, कडा जुळवून चौकोन. बंदरात झडती झाल्यावर सामान परत देताना घालतात ती घडी.

मन्नूबियाला खोटं बोलता आलं असतं. ती उलट चढून बसली. "तू आल्यापासून या घरात वायफाय चालत नाही. पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाही नाही."

"मग मी वर बसते तेव्हाच कसं चालतं?"

"मला काय माहीत? माझंही अडकतं, मावशी. बोलता बोलता गिऱ्हाइकाचा आवाज तुटतो. कंपनीने मला ताकीद दिलीय."

"तुझंही अडकतं," मन्नूबिया म्हणाली. "हो का? सगळ्यांच्या आधी हेच बोलणं तयार असतं."

ओल्फाने स्वेटर छातीशी धरला आणि ती वर निघून गेली. संध्याकाळी तिच्या दाराला स्वतःचं नवं कुलूप होतं. मन्नूबियाने ते खालून पाहिलं, आणि तिचा संशय आणखी पक्का झाला.

मोंजीला भांडण नको होतं. त्याने बाजारातून नवाकोरा राउटर आणला, नवा पासवर्ड घातला आणि तो ओल्फाला दिला नाही. कसंबसं तोंड वळवून तो तिला म्हणाला, "काही दिवस तू दुसरीकडे सोय बघ, बेटा." तेव्हापासून ओल्फा सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आर्यानाला, चुलत बहिणीकडे जायला लागली आणि दिवस मावळताना उतरलेल्या चेहऱ्याने परत यायला लागली.

आणि वायफाय झरझर चालायला लागलं. मोंजीचा खेळाडू धावला की गोलापर्यंत पोचायचा.

"म्हटलं नव्हतं?" मन्नूबिया म्हणाली.

एकच खोट राहिली. तिचा रेडिओ मुका झाला. पडद्यावर वायफायचं नाव शोधायचा आणि हात हलवत परत यायचा. हायेतने खाली येऊन पासवर्ड घातला. नाही. पुन्हा घातला. नाही. मन्नूबिया तिच्या बोटांकडे बघत होती.

"शेवटचं अक्षर कुठलं दाबलंस?"

"लल्ला, तुमच्या डोळ्यांसमोरच दाबलं."

"डोळ्यांसमोर फार काय काय करतात माणसं."

"तुमच्या त्या स्टेशनवर मार्सेची भांडणं ऐकून माझा काय तोटा होतोय, की मी ते बंद करीन?" हायेत उठून गेली. जिन्यावरून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "उद्या माझ्या पोळपाटाखालीही बघतील."

तिकडून बेयाचा फोन आला, की आज स्टेशनवर आपल्या गल्लीतल्या एका म्हातारीचं नाव आलं, ऐकलंस का? मन्नूबियाने ऐकलं नव्हतं. त्याची चुटपुट तिला दिवसभर लागून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने रेडिओ बाजाराच्या टोपलीत घातला, वर पालेभाजी पसरली आणि बाजारामागे शीहेबचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे गेली.

शीहेबने रेडिओ हातात घेतला आणि हसला. "लल्ला, हा तर आमच्या शाळेच्या दिवसांतला. यात बिघाड काही नाही. तुमचा राउटर नवा आहे ना? नवे राउटर जुन्या वस्तूंची भाषा बोलायचं बंद ठेवतात. दोन वर्षांपूर्वीचा मोबाइल चालेल, पण हा फार मागचा पडला."

"मग काय करायचं?"

"राउटरमध्ये एक खूण बदलली की तो जुन्यांनाही घेतो. येऊन करून देतो. पण एक सांगतो, त्याने घरातलं सगळंच मंद होईल. त्यापेक्षा नवा रेडिओ घ्या, माझ्याकडे आहेत."

मन्नूबियाने मागच्या फळीवर रचलेल्या नव्या रेडिओंच्या खोक्यांकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. घाबरवून माल खपवायची ही पद्धत तिला चांगली ओळखीची होती. "तू खूण बदल," ती म्हणाली. "बाकी माझं मी बघते."

शीहेब दुपारी आला, मोंजीच्या दिवाणखान्यात बसून त्याने काय ते केलं, आणि खाली स्वयंपाकघरात रेडिओ बोलायला लागला. मन्नूबियाने चहा ठेवला. मार्सेत कुणाच्या तरी नातवाची सुंता होती.

संध्याकाळी वरून मोंजी ओरडला. त्याचा खेळाडू पाय वर करून थिजला होता.

"पोरीने नवा पासवर्डही मिळवला," तो जिन्यात येऊन म्हणाला. "कुणी दिला तिला? हायेत, तू?"

"मी? तुझ्या बहिणीने माझी बोटं मोजून घेतलीत, तिला विचार."

मन्नूबिया दोघांना ओलांडून गच्चीवर गेली. ओल्फाच्या दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून तिने आत पाहिलं, टेबल रिकामं. लॅपटॉप घेऊन पोरगी आर्यानाला गेली होती, अजून परतलीच नव्हती. समोरच्या गच्चीवरचा मुलगा कबुतरांना दाणे टाकत होता, आणि त्याच्याजवळ तर जुना, बटणांचाच मोबाइल होता.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. चोर घरात नाही आणि चोरी तर चालू आहे. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवलं तो माणूस चुकीचा. असं बंदरात झालं की एकच रीत असायची. माणसं बाजूला करायची आणि सामान एकेक करून उघडायचं.

ती खाली आली. "मोंजी, तू टीव्हीसमोर बस. मी एकेक वस्तू बंद करते. चित्र चाललं की सांग."

"ताई, आता हे काय नवीन?"

"बस म्हटलं ना."

तिने मुलांचे मोबाइल काढून घेतले आणि बंद केले. "चाललं?" नाही. हायेतचा बंद केला. नाही. मोठ्या मुलाचा अभ्यासाचा टॅब बंद केला, तो कुरकुरला. नाही. आता टीव्हीखेरीज वरच्या मजल्यावर काही उरलं नव्हतं. मन्नूबिया जिना उतरून स्वयंपाकघरात आली. घाईत चालूच राहिलेल्या रेडिओवर एक बाई हरवलेल्या भावाचं नाव सांगत होती. मन्नूबियाने प्लगला हात घातला आणि थोडा वेळ तशीच थांबली. मग ओढला.

"चाललं," वरून मोंजी म्हणाला.

तिने प्लग लावला. बाई पुन्हा बोलायला लागली.

"अडकलं."

काढला. "चाललं." लावला. "अडकलं. ताई, काय करतेस तू तिथे?"

मन्नूबिया खुर्चीत बसली. गच्चीवर जाताना आपण रोज प्लग काढत होतो, हे तिला आता आठवलं. मिरच्या, पहारा, मोंजीचा तो खालून येणारा आवाज. तिने जमवलेला एकूण एक पुरावा खरा होता. तो ज्याच्याकडे बोट दाखवत होता, तिकडे तेवढं तिने पाहिलं नव्हतं.

वरच्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. रेडिओ बिघडला म्हणून कपाटात ठेवून दिला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं. हायेत हात पुसत दारात आली. "सापडलं का काही?"

"सापडलं."

"कोण मग?"

"मी," मन्नूबिया म्हणाली.

हायेतला आधी वाटलं, नणंद टोमणा मारते आहे. मग तिने रेडिओकडे बघितलं, मन्नूबियाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समोर बसली.

मन्नूबियाने डोक्यावरून शाल घेतली आणि ती ल क्रामच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन उभी राहिली. गाडीतून ओल्फा उतरली. समोर मन्नूबिया दिसताच तिने पिशवी पाठीमागे घेतली, नकळत.

"तुला सांगायचं आहे," मन्नूबिया म्हणाली. "वायफाय माझ्या रेडिओमुळे बंद पडत होतं. तू काही केलं नव्हतंस."

ओल्फाने पिशवी पुन्हा पुढे घेतली. लोक त्यांच्या बाजूने पुढे जात होते.

"तुम्ही माझी पेटी उघडली होती ना?"

"हो."

"काय शोधत होतात?"

"माहीत नाही. काहीतरी असणार असं वाटलं."

"आणि काही नव्हतं, तेव्हा?"

मन्नूबियाने खरं ते सांगितलं. "तेव्हा जास्तच वाटलं."

ओल्फा चालायला लागली. मन्नूबिया तिच्या मागून. गल्लीच्या तोंडाशी ओल्फा थांबली. "महिनाअखेरीपर्यंत मी जाणारच आहे. पण त्याआधी हे सगळ्यांसमोर सांगा. कबुतरवाल्या मुलासमोर पण. तो मला बघून तोंड फिरवतो आता."

मन्नूबियाने ते केलं. अंगणात सगळ्यांना बोलावून, समोरच्या घरच्यांनाही हाक मारून, तिने उभ्या उभ्या सांगितलं. काही लपवलं नाही, झडतीसुद्धा. मोंजी जमिनीकडे बघत राहिला. मग तिने गच्चीच्या खोलीची दुसरी किल्ली ओल्फाच्या हातात दिली. ओल्फाने ती घेतली, आणि आभार मानले नाहीत.

पण सकाळी ती आपण होऊन खाली आली आणि रेडिओ बघू म्हणाली. असली यंत्रं ती रोज वापरायची. मोंजीने काढून ठेवलेला जुना राउटर तिने मागून घेतला आणि वरच्या राउटरपासून तार ओढून तळमजल्यावर बसवला.

"हा फक्त या रेडिओसाठी. दोघं एकाच काळातले आहेत, एकमेकांना धरून राहतील. नव्यातली ती खूण मी परत पहिल्यासारखी केली."

"पण हा एवढासा रेडिओ सगळ्यांचं कसं अडवतो?" मन्नूबियाने विचारलं. आवाजात अजून थोडी शंका होतीच.

"राउटरशी एका वेळी एकालाच बोलता येतं, मावशी. तुमचा रेडिओ जुना, म्हणून हळू बोलतो. त्यात तुम्ही त्याला जाड भिंतींच्या मागे नेऊन ठेवलंत, मग तर तो एकेक शब्द थांबून थांबून बोलणार. त्याचं संपेपर्यंत बाकी सगळे तोंड मिटून बसलेले. त्याची काही चूक नाही. त्याला आता त्याच्या वेगाने बोलू दे, वेगळ्या खोलीत."

"तो शीहेब मला खरंच सांगत होता म्हणजे."

"कोण शीहेब?"

"कुणी नाही," मन्नूबिया म्हणाली. त्या आठवड्यात ती त्याच्या दुकानात गेली आणि गरज नसताना मुलांच्या मोबाइलसाठी दोन वायर विकत घेऊन आली.

ओल्फा महिनाअखेरीला गेली नाही. नवा पासवर्ड मिळाला, काम चालू राहिलं, उन्हाळ्यापर्यंत ती राहिली. पण खाली येऊन बसायची ती बंद झाली. भाकरी आईकडून यायची, ती हायेतच्या हाती देऊन वर जायची. मन्नूबिया कधी बशीभर मक्रूद, खजूर भरलेल्या वड्या, घेऊन वर गेली, तर दार अर्धंच उघडायचं. बशी आत जायची, धन्यवाद बाहेर यायचे. मन्नूबियाने तक्रार केली नाही. आपण झडती घेतलेल्या किती जणींनी त्यानंतर लोकांपुढे असंच अर्धं दार उघडलं असेल, असा विचार मात्र तिच्या मनात यायचा, आणि तिला तो आवडायचा नाही.

पुढे ओल्फाच्या कंपनीने सूसमध्ये कचेरी काढली; निम्मे दिवस तिथून आणि निम्मे घरून काम करायचं होतं. निघताना मोंजीने तिचं सामान आपल्या शिकवणीच्या मोटारीत भरलं. ओल्फाने हायेतला मिठी मारली आणि मन्नूबियाला म्हणाली, "मावशी, सूसला या कधी."

मोटार गेल्यावर मन्नूबिया विचार करत बसली. पोरगी मनापासून म्हणाली, की जाता जाता म्हणायचं म्हणून? बेयाला फोनवर विचारलं. बेया म्हणाली, "अगं, ये म्हणाली म्हणजे ये म्हणाली."

"तसं नसतं."

शेवटी मन्नूबियाने ते स्वतःच तपासायचं ठरवलं. ऑगस्टच्या एका दिवशी, न कळवता, तिने सूसची गाडी पकडली आणि पत्ता विचारत ओल्फाच्या दारी गेली. दार पूर्ण उघडलं. ओल्फाच्या कानाला यंत्र होतं, ती कुणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलत होती. बोलणं न थांबवता तिने मन्नूबियाचा हात धरून तिला आत घेतलं, खुर्ची पुढे सरकवली, पंखा तिच्याकडे वळवला आणि थंड कलिंगडाची बशी समोर ठेवली. मग ती गिऱ्हाइकाला समजावत आतल्या खोलीत गेली. बाहेरच्या खोलीत तिचं कपाट, तिची पर्स, तिची चिठ्ठीचपाटी सगळं उघडं पडलेलं होतं.

मन्नूबियाने कलिंगड खाल्लं. बिया बशीच्या कडेला लावून ठेवल्या, आणि ओल्फाचं बोलणं संपायची वाट बघत बसून राहिली.